आधी तास मोज

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा सावकाश वाचला. हवामानाची धोरणं आणि वृद्ध, आजारी, अपंग माणसांच्या दीर्घकालीन शुश्रूषेची धोरणं या दोन्हींचा बायकांच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, हा विषय तू घेतलास याचा मला फार आनंद झाला. या प्रश्नाकडे वळणारी माणसं कमी आहेत. पण तुझ्या लेखनात हे दोन विषय शेजारी राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. आधी पूर, दुष्काळ, स्थलांतर येतं, मग विमा, शुश्रूषागृहं, पेन्शन. दोन्हींना जोडणारा धागा मला दिसतो तो वेळेचा, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये मांडलेला हिशोब तुला माहीत असेलच. जगात रोज १६.४ अब्ज तास बिनपगारी काळजीच्या कामात, म्हणजे घरकाम आणि माणसं सांभाळण्यात, जातात आणि त्यातले ७६.२ टक्के बायकांचे असतात. सरासरीने बाई दिवसाचे ४ तास २५ मिनिटं हे काम करते, पुरुष १ तास २३ मिनिटं. याच संघटनेने २०२४ मध्ये सांगितलं की काळजीच्या जबाबदारीमुळे ७० कोटी ८० लाख बायका रोजगाराच्या बाहेर आहेत, आणि याच कारणाने बाहेर असलेले पुरुष ४ कोटी आहेत. हे आकडे तू प्रस्तावनेत देऊन पुढे गेलीस. तिथे थांबायला हवं होतं, कारण हवामानाचा प्रत्येक तडाखा या तासांवरच येऊन पडतो.

उष्णतेची लाट घे. सरकारी सूचना काय असतात? भरपूर पाणी प्या, दुपारी बाहेर पडू नका, थंड जागी जा. आता हीच सूचना अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरात वाच. म्हातारपणी तहान कमी जाणवते, आणि स्मृतिभ्रंश असेल तर प्यायचं लक्षातच राहत नाही. म्हणजे ‘पाणी प्या’ याचा अर्थ कुणीतरी तासातासाला उठून घोट घोट पाजायचं. घामाने चादर भिजते, ती बदलायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलायची, अंग पुसायचं, इन्सुलिन गार ठेवायचं, रात्री उकाड्याने जाग आली की सोबत जागं राहायचं. ‘थंड जागी जा’ याचा अर्थ तर दोघातिघांनी मिळून माणूस उचलायचा. सूचनेतलं प्रत्येक वाक्य म्हणजे कुणाच्या तरी अंगावर टाकलेलं काम आहे. ते कुणाच्या, हे सूचना लिहिणाऱ्याला विचारलं जात नाही, आणि त्याचा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

फ्रान्सचं उदाहरण तू एका ओळीत उरकलंस, त्याला निदान दोन पानं दे. ऑगस्ट २००३ च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा सुमारे १५,००० मृत्यू जास्त झाले. मेलेल्यांत पंचाहत्तरी ओलांडलेली माणसं फार होती, त्यातही बायका अधिक, आणि एकट्या राहणाऱ्या कितीतरी. त्यानंतर तिथे उष्णतेसाठी आराखडा आला. नगरपालिकांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या याद्या ठेवायच्या आणि शुश्रूषागृहात निदान एक थंड खोली असायची, असं ठरलं. २००४ च्या कायद्याने कर्मचाऱ्यांनी वर्षातला एक दिवस जादा वेतनाशिवाय काम करायचं आणि मालकांनी वेतनावर ०.३ टक्के रक्कम वृद्ध व अपंगांच्या निधीत भरायची, अशी सोय झाली. हवामानाच्या एका आपत्तीतून शुश्रूषेचा कायमचा निधी उभा राहिला, हे मला अतिशय महत्त्वाचं वाटतं. तुझा विषय कागदी नाही याचा याहून चांगला पुरावा शोधून मिळणार नाही. मात्र तिथे पुढचा प्रश्नही विचार. थंड खोली बांधून झाली, पण चाळीस माणसांना दुपारी त्या खोलीत नेऊन संध्याकाळी परत आणायला हात किती आहेत? खोलीची तरतूद होते तेव्हा हातांचीही व्हायला हवी.

याला जोडून एक सावधगिरी. २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेने ६० हजारांहून जास्त माणसं गेली, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात बायकांचे मृत्यू पुरुषांपेक्षा ५६ टक्क्यांनी जास्त होते असा अंदाज आहे. हा आकडा तू ठळक अक्षरांत घातलास. त्याच अभ्यासात असंही आहे की ऐंशीच्या खाली पुरुषांचं प्रमाण जास्त होतं आणि ऐंशीच्या पुढे बायकांचं. ते गाळलंस तर वाचणारा समजेल की बाई मुळात नाजूक. मला त्यात वेगळंच चित्र दिसतं. बायका जास्त जगतात. नवऱ्याचं दुखणं काढतात, आणि त्यांची स्वतःची वेळ येते तेव्हा घरात दुसरं कुणी नसतं. मधल्या वर्षांत नोकरी सुटलेली असते किंवा अर्धवेळ झालेली असते, त्यामुळे पेन्शन तोकडी पडते, आणि तोकड्या पेन्शनमध्ये घर थंड ठेवणं परवडत नाही. शुश्रूषेचं धोरण चाळीस वर्षं जे करतं, त्याचं बिल उष्णतेच्या एका आठवड्यात येतं.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर दोन आकडे आजच काढून टाक. आपत्तीत बायका मरण्याची शक्यता १४ पट असते हा एक, आणि हवामानामुळे विस्थापित झालेल्यांत ८० टक्के बायका असतात हा दुसरा. दोन्ही मोठमोठ्या अहवालांत फिरतात, पण मागे मागे जात राहिलं तर भक्कम अभ्यास हाती लागत नाही. त्याऐवजी १४१ देशांतल्या १९८१ ते २००२ मधल्या आपत्तींचा अभ्यास वापर. आपत्तींमुळे बायकांचं आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त घटतं, आणि जिथे बायकांची सामाजिक-आर्थिक स्थिती चांगली तिथे हा फरक कमी होतो, असं त्यात दिसलं. एवढं पुरेसं आहे. आपली बाजू खरी असताना तिला कच्चा आधार देऊ नये.

आता शुश्रूषेच्या धोरणाकडे. जर्मनीने १९९५ मध्ये शुश्रूषा विमा आणला, त्यात रोख रक्कम घ्या किंवा सेवा घ्या अशी निवड दिली. रोख रक्कम सेवेच्या किमतीपेक्षा कमी, तरी पुष्कळ घरांनी तीच घेतली, आणि काम घरातल्या बायकांकडेच राहिलं. आठवड्याला निदान १० तास शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकाच्या नावाने पेन्शनचा हप्ता भरला जातो, ही त्यातली मोलाची गोष्ट. जपानने २००० मध्ये असाच विमा सुरू करताना रोख रक्कम ठेवली नाही. हिगुची केइको यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आणि महिला संघटनांनी हे लावून धरलं होतं, कारण पैसे हातात ठेवले की सून कायमची बांधली जाईल ही त्यांची भीती होती. तू दोघांना समान गुण देऊन मोकळी झालीस. मी जपानच्या बाजूने आहे, आणि हवामानामुळे माझं मत आणखी पक्कं झालंय. जिथे सेवा घरी येते तिथे कोण कुठे अंथरुणावर आहे याची नोंद असते आणि दार वाजवणारं कुणीतरी असतं. नुसते पैसे पोहोचतात तिथे पूर आला, धूर आला, वीज गेली, तरी एकट्या शुश्रूषा करणाऱ्या बाईचा पत्ता कुणाच्या यादीत असेल याची खात्री नाही.

पण दार वाजवणारीही बहुधा बाईच असते. श्रीमंत देशांत दीर्घकालीन शुश्रूषेच्या नोकरीत दहातल्या नऊ जणी बायका आहेत, पगार बेताचा, आणि या घरातून त्या घरात उन्हातून जाणं रोजचं. उष्णतेपासून कामगारांच्या संरक्षणाचे नियम लिहिताना डोळ्यांसमोर बांधकाम आणि शेती असते. बंद खोलीत, दुसऱ्याच्या घरात, माणूस उचलून आंघोळ घालणारी बाई त्यात बसत नाही. या विषयावर तुझ्या मसुद्यात एकही परिच्छेद नाही. तो लिही.

कार्बन उत्सर्जन कमी करणारी धोरणंसुद्धा याच तासांच्या कसोटीवर घास. विजेची मागणी सर्वाधिक असते त्या वेळी वीज महाग करणं योग्यच आहे. पण ज्या घरात ऑक्सिजनचं यंत्र चालू आहे, मलमूत्राच्या चादरी लगेच धुवाव्या लागतात, तिथे वापर पुढे ढकलता येत नाही. त्या घराला सवलत नसेल तर दंड शुश्रूषेला बसतो. उलट काही धोरणं तास वाचवतात. कोलंबियाच्या बोगोटा शहरात २०२० पासून ‘काळजीच्या वस्त्या’ उभ्या राहिल्या. चालत जाण्याच्या अंतरावर बाईला शिक्षण, कायद्याचा सल्ला, सार्वजनिक धुलाईची सोय मिळते आणि ती तिथे असेपर्यंत तिच्या माणसाकडे दुसरं कुणी बघतं. प्रवास वाचतो, धूर वाचतो, तास वाचतात. ‘हरित’, म्हणजे पर्यावरणाला न बाधणारा, रोजगार म्हणताना सगळे सौरपट्ट्यांबद्दल बोलतात. शुश्रूषेच्या नोकरीला ना खाण लागते ना भट्टी, तरी तिला कुणी हरित म्हणत नाही. हे तू ठणकावून मांड.

स्वित्झर्लंडच्या वृद्ध महिलांचा खटला तू घेतलास ते उत्तम. दोन हजारांहून अधिक ज्येष्ठ बायकांच्या संघटनेने तो आपल्याच सरकारविरुद्ध लढवला आणि ९ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. फक्त तपशील नीट लिही. संघटनेसोबत अर्ज करणाऱ्या चौघींचे वैयक्तिक अर्ज ग्राह्य धरले गेले नाहीत, संघटनेचा धरला गेला. निकाल सरकारच्या उत्सर्जनविषयक कर्तव्याबद्दल आहे. लाटेच्या दिवशी त्या बायकांजवळ कोण बसणार, हा प्रश्न तिथे कुणी नेलेला नव्हता.

शेवटची शिफारस मात्र बदल. ‘धोरणनिर्मितीत महिलांचा सहभाग वाढवावा’ या वाक्याला कुणीच नाही म्हणत नाही आणि त्याने काही हलतही नाही. बैठक सकाळी अकराला असते, आणि त्या वेळी ती घरातल्या रुग्णाला भरवत असते. म्हणून असं लिही: बैठकीला येणाऱ्या प्रत्येक शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीच्या जागी त्या दिवशी घरी कोण बसेल हे आयोजकांनी ठरवावं, आणि त्या बदलीचं वेतन बैठकीच्या खर्चात धरावं. रक्कम किती होईल याचं कोष्टक शेजारी दे.

नवा मसुदा तयार झाला की पाठव. लोभ आहेच.

तुझी,
ताई