संमोहन उपचार आणि देवऋषीचा उपचार एकच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहिणीला काही महिन्यांपासून पॅनिक अटॅक येतात. एका संमोहनतज्ज्ञांनी सांगितलं, ‘संमोहन म्हणजे शमन लोकांची प्राचीन विद्याच.’ ते ऐकून आजी म्हणाली, ‘मग आपल्या गावचा देवऋषी काय वाईट?’ आणि आता तुम्हाला कळेना की दोन्ही खरंच एक आहेत का.

आजीचा प्रश्न रास्त आहे. मी मानसशास्त्रज्ञ आहे, पंधरा-सोळा वर्षं संमोहन वापरते. माझं आजोळ सिंधुदुर्गातलं, त्यामुळे अवसर येणं, म्हणजे माणसाच्या अंगात देव येणं, मी पुस्तकात वाचण्याआधी देवळासमोर उभं राहून पाहिलंय. या दोन गोष्टींचं जवळचं नातं आहे, पण त्या एक नाहीत.

आधी फरक सांगते, कारण तो फार सोपा आहे आणि तरी सगळ्यांच्या नजरेतून निसटतो. तंद्रीत कोण जातं ते बघा. शमन म्हणजे तंद्रीत जाऊन उपचार करणारा. हा शब्द सायबेरियातल्या एव्हेंकी लोकांच्या बोलीतून आला. तिथला शमन ढोलाच्या ठेक्यावर स्वतः तंद्रीत जातो, दुसऱ्या लोकी जाऊन आजाऱ्याचा हरवलेला जीव परत आणतो. आपल्याकडे वाट उलटी आहे, इथे देवच अंगात उतरतो. पण भान हरपतं ते दोन्हीकडे उपचार करणाऱ्याचं. संमोहनात मी लख्ख जागी असते आणि समोरची व्यक्ती तंद्रीत जाते. तीसुद्धा झोपत नाही. तिला माझा आवाज ऐकू येतो, पंख्याची घरघर ऐकू येते, नको वाटलं तर ती डोळे उघडून उठू शकते. फक्त तिचं लक्ष एका जागी गोळा झालेलं असतं आणि अशा वेळी ऐकलेला शब्द एरवीपेक्षा खोल जातो.

नातं आहे ते इथेच. मी दहा-अकरा वर्षांची असताना मावशीचं सात महिन्यांचं मूल गेलं. तिनं अन्न सोडलं, बोलणं सोडलं. दसऱ्याला देवाची तरंगं, म्हणजे देवाच्या सजवलेल्या उंच काठ्या, निघाली तेव्हा बायकांनी तिला धरून पुढे नेलं. ढोल अंगावर येत होते, धुपानं डोळे चुरचुरत होते. मानकऱ्यांनी तिचं गाऱ्हाणं घातलं. अवसर आलेला माणूस थरथरत होता, पण तिच्यासमोर आल्यावर त्याचा आवाज एकदम खाली आला. त्यानं कपाळाला अंगारा लावला, ओटीत चिमूटभर तांदूळ टाकले आणि म्हणाला, ‘बाय, मी तुझ्या वांगडाक आसय. आता जेव.’ म्हणजे, मी तुझ्या सोबत आहे. त्या रात्री मावशी वाटीभर पेज जेवली.

तंद्रीत तो होता हे खरं. पण आज मागे वळून पाहताना मला तिचा चेहरा आठवतो, त्याच्या तोंडावर खिळलेली, पापणी न हलवणारी तिची नजर. रुग्णाची अशी नजर दिसली की मी बोलायला सुरुवात करते.

पनामाच्या किनाऱ्यावर गुना लोक राहतात. बाई अडली तर त्यांचा वैदू एक लांबलचक गाणं गातो. क्लोद लेव्ही-स्त्रोस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये त्याच्यावर लिहिलं आणि तेव्हापासून मनोविकारांच्या क्षेत्रात त्याची चर्चा होते. वैदू बाईला हात लावत नाही, औषध पाजत नाही. गाणं सुरू होतं ते सुईण झोपडीतून निघाली, वैदूच्या दारात आली, आत आली अशा साध्या गोष्टींनी, तेच तेच सावकाश सांगत. मग वैदूचे मदतनीस आत्मे बाईच्याच शरीराच्या वाटेनं आत शिरतात, तिचा अडकलेला जीव सोडवतात आणि परत फिरतात. जाताना ते एकामागे एक जातात, येताना चार-चार जण खांद्याला खांदा लावून येतात. वाट रुंद होते हे बाईला असं सांगितलं जातं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण आम्हीही सुरुवात अशीच करतो: तुम्ही खुर्चीत बसला आहात, पाठ टेकलेली आहे, श्वास आत जातोय. आधी खरं असलेलं सांगायचं, मग हळूच हवं असलेलं. पुढे अभ्यासकांनी हेही दाखवलं की ते गाणं खास विधीच्या भाषेत असतं, साध्या बाईला ते पुरतं कळत नाही. मला त्याचंही नवल वाटत नाही. आपल्याकडे मंत्राचा अर्थ किती जणांना कळतो? आवाजाची लय आणि ‘माझ्यासाठी कुणीतरी झटतंय’ ही खात्री मात्र कळते.

आता संमोहनाचा उगम. अठराव्या शतकात मेस्मर नावाचा डॉक्टर म्हणे की त्याच्या अंगातून एक चुंबकीय प्रवाह रुग्णात जातो. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजानं बेंजामिन फ्रँकलिन, लाव्हाझिए वगैरे विद्वानांची समिती नेमली. फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या शिष्यानं एका झाडात तो ‘प्रवाह’ भरला आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडाझाडांपाशी नेलं. मुलगा घामाघूम झाला, बेशुद्ध पडला, पण भलत्याच झाडापाशी! समितीनं निष्कर्ष काढला की प्रवाह नाही, ही कल्पनाशक्ती. आणि विषय मिटवला. पण नुसत्या कल्पनेनं धडधाकट मूल कोसळतं कसं, हा प्रश्न तसाच राहिला.

तो उचलला आपल्या गोव्याच्या माणसानं. आबे फारिया, कांदोळीचा ख्रिस्ती धर्मगुरू, जन्म १७५६. गोव्यात त्याची आख्यायिका सांगतात: लिस्बनला राणीसमोर प्रवचन देताना त्याची बोबडी वळली, तेव्हा खालून वडील कोकणीत पुटपुटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी,’ म्हणजे समोरची माणसं नुसती भाजी समज आणि चीर, आणि पोराची जीभ सुटली. घडलं असो वा नसो, योग्य क्षणी कानावर पडलेला एक शब्द काय करतो याचं याहून नेटकं उदाहरण मला माहीत नाही. १८१३ पासून फारिया पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करायचा. माणसाला आरामात बसवायचा, डोळे मिटायला सांगायचा आणि ठणकावून म्हणायचा, ‘झोप!’ त्यानं स्वच्छ सांगितलं की माझ्यात कसलीही शक्ती नाही, जे घडतं ते तंद्रीत जाणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून घडतं. १८१९ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी तो गेला. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, दोन्ही हात पसरून तो कोसळत्या बाईवर वाकलाय. पुतळा सुंदर आहे, मी दर वेळी थांबून बघते. पण बघणाऱ्याला वाटतं, शक्ती त्या हातांतून वाहतेय. फारियानं आयुष्यभर सांगितलं ते नेमकं याच्या उलट.

आणखी एक दुवा बंगालमधला. १८४५ पासून हुगळीत जेम्स एस्डेल हा स्कॉटिश डॉक्टर मेस्मरच्या रीतीनं रुग्णांना गुंगवून मोठमोठ्या शस्त्रक्रिया करत असे, क्लोरोफॉर्म यायच्या आधी. त्यानं एका नामांकित झाडफूकवाल्याला काम करताना पाहिलं. पितळी भांड्यात पाणी, हातात पानांची डहाळी, तोंडानं मंत्र आणि डोक्यापासून पायापर्यंत संथपणे उतरणारे हात. एस्डेलला त्यात आपलीच पद्धत दिसली.

म्हणजे साधन एकच, लक्ष गोळा करणं आणि त्या क्षणी शब्द पेरणं. मी काय पेरते त्याचं एक उदाहरण देते. ऊस पट्ट्यातल्या एक बाई पोटाच्या त्रासानं बेजार होत्या, आयबीएस, म्हणजे आतड्याचं काम बिघडून पोट सतत दुखणारा आजार, सगळ्या तपासण्या झालेल्या. या आजारात संमोहनाचा उपयोग होतो हे १९८४ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी दाखवलं. तिकडे रुग्णाला शांत वाहणारी नदी डोळ्यांपुढे आणायला सांगतात. या बाई जन्मभर दारं धरत, म्हणजे शेताला पाटाचं पाणी देत आलेल्या. मी त्यांना पाटाचं पाणी दाखवलं. पाणी जोरात सुटलंय, तुमच्या हातात खोरं आहे, माती ओढा, दारं बांधा, सरीत हवं तेवढंच सोडा. चौथ्या भेटीत त्या म्हणाल्या, ‘मॅडम, आता घरी माझं मीच बांधते.’ देवऋषीकडे अमावास्येला पुन्हा जावंच लागतं. इथे खोरं रुग्णाच्या हातात जातं.

पण एका गोष्टीत मी त्या दसऱ्यापुढे तोकडी पडते. ‘आता जेव’ हे अख्ख्या गावानं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर, वाटेवर जी भेटेल ती मावशीला विचारायची, ‘जेवलंस मा?’ माझा रुग्ण ज्या घरात परत जातो तिथे माझं वाक्य कुणीच ऐकलेलं नसतं. म्हणून मी पहिल्या भेटीला घरातलं एक माणूस सोबत बोलावते.

दुसरी बाजू लपवणार नाही. साखळीचे वळ आणि मिरचीच्या धुरीनं सुजलेले डोळे घेऊन आलेला एक तरुण मी पाहिलाय. त्याला स्किझोफ्रेनिया होता. तीन वर्षं वाया गेली होती. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, बांधणं, धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले आणि त्यांची हत्या झाल्यावर तो आला. आमच्याकडेही सगळं धुतल्या तांदळासारखं नाही. ‘पूर्वजन्मात नेतो’, ‘दडलेली आठवण काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. तंद्रीत खोटी आठवण रुजणं फार सोपं असतं, आणि ती खऱ्याइतकीच छळते. संमोहन म्हणजे प्राचीन विद्या असं म्हणून गिऱ्हाईक जोडणाऱ्याचंही मला पटत नाही.

आता बहिणीचं. आधी डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि हृदय तपासून घ्या. पॅनिक अटॅकवर सगळ्यात भरवशाचा मानसोपचार म्हणजे सीबीटी, विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा. गरज पडली तर गोळ्या. संमोहन त्याच्या जोडीला चालेल, त्याच्याऐवजी नको. त्या तज्ज्ञांना विचारा की संमोहन सोडून तुमचं मूळ शिक्षण काय, आणि किती भेटींनंतर ती हे स्वतःचं स्वतः करू शकेल. नीट उत्तर आलं नाही तर दुसरं दार बघा.

आजीला अंगारा लावायचा असेल तर लावू द्या, फक्त गोळ्या बंद करू देऊ नका. आणि पहिल्या भेटीला आजीलाच सोबत न्या. अटॅक आला की काय म्हणायचं ते तिला तिथे शिकवतील: पाठीवर हात ठेवून, हळू आवाजात, ‘श्वास सोड. मी आहे इथे. हे जाईल आत्ता.’