हबचं सील बदलायच्या आधी

सायकलच्या हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं, सील फाटलं म्हणून थेट नवं हब घेऊ नका. तुमचं हब कोणत्या प्रकारचं आहे ते आधी बघा.

कार्ट्रिज बेअरिंग, म्हणजे छर्रे आतच बंद असलेलं तयार बेअरिंग, असेल तर काम सोपं आहे. सीलवर नंबर छापलेला असतो, उदाहरणार्थ ६९०२-२आरएस: आतला व्यास १५ मिमी, बाहेरचा २८, जाडी ७. '२आरएस' म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. नुसतं सील शोधत फिरू नका, अख्खं बेअरिंग बदला.

सुटे छर्रे आणि कोनवालं (कोन म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात तो शंकूसारखा नट) हब असेल तर मात्र बैठक मारा. यातलं रबरी सील बऱ्याचदा कोनवर बसतं आणि काही वेळा कोनसकटच मिळतं, म्हणून दुकानात जुना भाग घेऊन जा. ग्रीस दुधाळ झालं असेल तर पाणी आत शिरलंय. सगळं डिझेलने धुऊन, कोरडं पुसून कोन उजेडात धरा. छर्ऱ्यांच्या वाटेवर खड्डे दिसले तर नवं सील लावून काही उपयोग नाही, कोनही बदला. छर्रे स्वस्त असतात, ते नवेच घाला. मागच्या हबला बहुधा पाव इंची, दर बाजूला नऊ. ग्रीस भरपूर भरा, सीलच्या कडेलाही थोडं लावा.

कोन आवळायला पातळ पाने लागतात, साधा पाना तिथे शिरतच नाही. क्विक रिलीज, म्हणजे लिव्हरने चाक आवळायची सोय, असेल तर किंचित खेळ (ढिलेपणा) ठेवा, लिव्हर दाबल्यावर तो जातो.

आणि सर्व्हिसिंग सेंटरवाल्याला पाण्याच्या प्रेशरचा पाइप हबवर मारू देऊ नका, कितीही आग्रह केला तरी.