जॉर्जियनमधले आजारपणाचे शब्द कसे शिकावेत? तिबिलिसीत एमबीबीएस करतोय, पुढच्या सत्रात रुग्णांशी बोलावं लागेल.

सुटे शब्द पाठ करू नका, पूर्ण वाक्यं घ्या. ‘थावी म्त्किवा’ म्हणजे माझं डोकं दुखतंय. ‘थावी’ काढून ‘मुचेली’ (पोट) किंवा ‘गुली’ (हृदय) घातलं की वाक्य तयार. कुणाचं दुखतंय ते क्रियापदाची सुरुवात सांगते: म्त्किवा माझं, ग्त्किवा तुझं, स्त्किवा त्याचं किंवा तिचं. रुग्णाला आदरानं विचारायचं तर शेवटी थ जोडा: ‘रा ग्त्किवाथ?’, काय दुखतंय?

मराठी माणूस हमखास चुकतो तो ‘माझं’ वेगळं घालून. ‘चेमी थावी’चा अर्थ ‘मी स्वतः’ असाही होतो!

ताप, ॲलर्जीला ‘माख्व्स’, म्हणजे मला आहे: ‘सिच्खे माख्व्स’, मला ताप आहे. मळमळीला मात्र ‘गुली मेरेवा’. इथे ‘गुली’ ऐकून ईसीजी काढायला धावू नका. ‘गुली म्त्किवा’ म्हणाले तर धावा.

उच्चारात आपल्याला फायदा आहे. त-थ, क-ख हा भेद तिथेही अर्थ बदलतो, म्हणून डॉक्टर ‘एखिमी’, ‘एकिमी’ नव्हे. वरच्या ‘मुचेली’, ‘सिच्खे’मधला आणि ‘चामाली’ (औषध) मधला च ‘चमचा’तला, ‘चहा’तला नाही, ‘चेमी’चा मात्र ‘चहा’तला. ‘चामाली’चा च घशात श्वास अडवून फटकन सोडायचा, तो कानानंच शिकावा लागतो. लिपीची 33 अक्षरं आधी शिका, नाहीतर देवनागरीत लिहिलेले हे तीन च वहीत एकच दिसतील.