साहेबांच्या केबिनमध्ये एकटा जाऊ नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

गणपतीत तू मला पडवीत गाठून सांगितलेस, की युनियनच्या मागणीपत्रावर सही केली नाहीस तर तुला कायम करू, असा शब्द साहेबांनी केबिनमध्ये दिला आहे. त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेले होते, म्हणून उत्तर लिहून पाठवतो आहे.

युनियन कशासाठी असते, हे लोट्याच्या केमिकल कारखान्यात तिसरी पाळी करणाऱ्या मुलाला मी शिकवायला नको. मी एवढेच सांगतो, की त्या केबिनमध्ये पुन्हा एकटा जाऊ नकोस. कायम करण्याचा शब्द खरा असेल तर तो पत्रावर, सही-शिक्क्यानिशी आणि चार सहकाऱ्यांच्या देखत देता येतो. बंद दाराआड दिलेला शब्द दाराबाहेर कोणालाही बांधत नाही.

आजोबांची मुंबईतली गिरणी संपात गेली, असे तू म्हणालास. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि त्यांतले कितीतरी आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातले होते. ती होरपळ मी नाकारत नाही. पण त्या माणसांची एक मोठी मागणी अशी होती, की आमच्या वतीने कोणी बोलायचे ते आम्हाला ठरवू द्या. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला तो अधिकार दिला होता, आणि कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता. मालकांनी जुनी यंत्रे बदलली नाहीत, काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकत होते, हे सोडून सारा दोष संपाच्या माथी मारणे मला मान्य नाही.

त्याआधीचेही वाच. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवले. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, जखमी झाल्यास भरपाई या त्यांच्या मागण्या होत्या. रविवारची सुटी १० जून १८९० ला मिळाली. कोणी केबिनमध्ये एकटे जाऊन ती मागितली असती तर मिळाली असती का, याचा विचार कर.

मलाही एकदा सुपरवायझरची जागा देऊ केली होती. अट एवढीच, की कामगारांच्या समितीतून बाहेर पडायचे. मी नाही म्हटले. घराचा वरचा मजला बांधायचा राहिला, थोरल्याला कोल्हापूरला शिकायला पाठवता आले नाही, आणि तुझ्या काकीच्या डोळ्यांतला तो बोल मी अजून विसरलेलो नाही. त्याचे दुःख आहे. तरीही निर्णय योग्यच होता, असे मी आजही ठामपणे म्हणतो, कारण त्याच वर्षीच्या करारात गॅसजवळ काम करणाऱ्या कंत्राटी मुलांना मास्क मिळाले, आणि करारावर समितीतल्या सगळ्यांच्या सह्या होत्या. मी खुर्चीत बसलो असतो तर माझी सही त्यावर नसती, एवढेच नव्हे, कदाचित करारही झाला नसता.

तेव्हा सही कर. वर्गणी भर, पावती घे, सभेत हिशेब विचार; पुढारी एकटाच केबिनमध्ये जाऊ लागला तर त्यालाही अडव, कारण हा नियम त्याच्यासाठीही आहे. मागणीपत्र द्यायला पाच-सहा जण मिळून जा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. जादा कामाला दुप्पट दर हा १९४८ च्या कारखाने कायद्यापासून चालत आलेला हक्क आहे, त्याची विनवणी करू नका. मसुदा रविवारी घेऊन ये. येताना कंत्राटी मुलांपैकी दोघांना तरी सोबत आण.

तुझा,
काका