वाचकांचे प्रश्न : खिडकीत मेलेला भुंगेरा कुठून आला?

प्रश्न : सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात आमच्याकडे बांधीव मासिकं आणि मोडी कागदांचे दोन रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत. कपाटाच्या तळाशी तिळाएवढे तांबूस किडे सापडतात. पुठ्ठ्यांना टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकंही आहेत. हे कोणते किडे? मोबाइलवर काढलेला फोटो सोबत जोडला आहे.

फोटोत फक्त एक तपकिरी ठिपका दिसतो, आणि तेवढ्यावरून नाव सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं. किडा प्रत्यक्ष बघायला हवा. तो चिमटीत धरू नका. मिशा तुटतात, आणि खरी ओळख मिशांवरच पटते. बारीक कुंचल्याचं टोक ओलं करून त्याने उचला आणि घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत, 70 टक्के अल्कोहोलमध्ये टाका. चिकट जेलचं सॅनिटायझर नको, त्यात पाय-मिशा गुंततात. बाटलीत चिठ्ठीही घाला : तारीख, कपाट, कप्पा, कोणत्या वस्तूजवळ सापडला. ती पेन्सिलीनेच लिहा, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि आठवड्याने हातात निळं पाणी उरतं.

आता घड्याळजी वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. सर्वात आधी स्वयंपाकघरातून भरकटत आलेले पाहुणे बाजूला काढा. तोंडाला सोंड असेल तर तो तांदळातला सोंडे किडा. अंग चपटं, लांबट आणि वरून डोकं स्पष्ट दिसत असेल तर बहुधा पिठातला तांबडा भुंगेरा. दोघांनाही तुमच्या मासिकांशी काही देणंघेणं नसतं. डबे तपासा, कपाट सोडा.

वरून पाहिल्यावर डोकं दिसतच नसेल, मानेच्या ढालीखाली दडलेलं असेल, तर मात्र सावध व्हा. अशा दोन जाती घरोघरी सापडतात आणि दोन्ही 2 ते 3 मिलिमीटरच्या. पहिली सिगारेट भुंगेरा, लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने. बाजूने बघाल तर कुबड काढून बसल्यासारखा दिसतो, पाठ गुळगुळीत आणि मिशा करवतीच्या दात्यांसारख्या. दुसरी स्टेगोबियम पॅनिसियम, म्हणजे औषधी दुकानातला भुंगेरा. याच्या पाठीवर उभ्या बारीक रेघा असतात, शेतात तास काढावेत तशा, आणि मिशीची शेवटची तीन पेरं इतरांपेक्षा मोठी असतात. प्रकाश तिरका टाका, म्हणजे रेघा उठून दिसतील. सरळ वरून उजेड टाकला की दोन्ही पाठी सारख्याच चकाकतात. सर्वाधिक चुका इथेच होतात.

तिसरा उमेदवार गॅस्ट्रॅलस इंडिकस. भारतातल्या ग्रंथालयांचा हा जुना शत्रू. बांधा या दोघांपेक्षा बारीक आणि लांबट, नळीसारखा. त्याची खात्री भिंगाने करायच्या भानगडीत पडू नका. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. आधी विचारून नमुना तिथे दाखवा. बाटलीतली ती चिठ्ठी तेव्हा कामाला येते.

एवढी बारीक ओळख कशाला, असं वाटेल. कारण बाजारात मिळणारे गंधसापळे जातीनुसार वेगळे असतात. सिगारेट भुंगेऱ्याच्या मादीचा गंध लावलेल्या सापळ्यात स्टेगोबियम येत नाही. चुकीचा सापळा महिनाभर रिकामा राहतो आणि आपण समजतो, कीड गेली. शिवाय येतात ते फक्त नर. सापळ्याने कीड संपत नाही, कुठल्या कपाटाजवळ जास्त आहे एवढंच कळतं.

आणखी एक. तळाशी सापडलेल्या प्रौढ किड्याने तुमचं मासिक खाल्लेलं नसतं. सिगारेट भुंगेरा प्रौढ झाल्यावर जवळजवळ काही खात नाही, दोन-चार आठवडे जगतो. खाते ती त्याची पांढरी, धनुष्यासारखी वाकलेली अळी, आणि ती अजून आत असू शकते. तिला हवा असतो पुठ्ठ्याच्या खळीतला स्टार्च, म्हणून बोगदे पुस्तकाच्या पाठीपासून सुरू होतात. जुन्या हातकागदालाही खळ चढवून घोटलेलं असे, त्यामुळे रुमालही तपासा. वरची पृष्ठं खरवडल्यासारखी दिसली तर ती कसर, माती दिसली तर वाळवी. स्वच्छ गोल बोगदा मात्र भुंगेऱ्याचाच.

प्रश्न : आई पुस्तकांना उन्हं दाखवायची, मध्ये वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवायची. तेवढं पुरे का? फ्रीजरमध्ये ठेवतात असंही ऐकलं. (कोथरूड)

वेखंडाच्या वासाने नवे किडे थोडे दूर राहत असतील, पण पाठीत शिरलेल्या अळीला त्याचा पत्ताही लागत नाही. पाला वाळला की नुसता चुरा. हळकुंड, सुंठ किंवा सुक्या मिरच्या ठेवणाऱ्यांनी तर लगेच काढाव्यात. वर सांगितलेल्या दोन्ही भुंगेऱ्यांचं ते आवडतं खाणं आहे, म्हणजे आपणच ताट वाढून ठेवतो. उन्हाचंही तसंच. किडे मारायला पुस्तकाच्या गाभ्यात 55 अंश सेल्सियस तापमान तासभर टिकायला हवं. पुण्याच्या एप्रिलच्या उन्हात गच्चीवर पुठ्ठा वाकतो, कागद पिवळा पडतो, आणि आतली अळी सुखरूप राहते.

फ्रीजरचा उपाय खरा आहे, पण रीत पाळावी लागते. पुस्तक जाड पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीने बंद करा. थेट उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवा. आधी साध्या फ्रीजमध्ये ‘गार होऊ दे’ म्हणून ठेवण्याचा मोह टाळा, कारण हळूहळू थंडी वाढली की किडा तिला सरावतो. पूर्ण 2 आठवडे ठेवा. पुस्तकांची चळत घट्ट कोंबली तर मधल्या वहीपर्यंत थंडी पोचायला वेळ लागतो, तेव्हा मध्ये मोकळी जागा सोडा. वीज बराच वेळ गेली तर दिवस पहिल्यापासून मोजा. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडू नका. सुटणारं दव पिशवीच्या बाहेर बसायला हवं, कागदावर नाही. काचेच्या निगेटिव्ह, हस्तिदंत आणि तैलचित्रं यांना हा उपाय नाही.

नंतर बोगद्यातला भुसा मऊ कुंचल्याने साफ करा. जुना भुसा राहिला तर पुढे नवा कोणता ते कळणार नाही.

पुस्तक पुन्हा बांधायला देणार असाल तर खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालू नका असं बांधणीवाल्याला बजावून सांगा. कीड लागू नये म्हणून घालतात खरं, पण तांबं कागदाचं आयुष्य कमी करतं.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या छोट्या संग्रहालयात पगड्या, जरीचे शेले, मोरचेलं (मोरपिसांच्या चवऱ्या) आणि पेंढा भरलेले दोन पक्षी आहेत. पेटीत केसाळ अळ्यांची कात सापडली. पेस्ट कंट्रोलवाला ‘गोळ्या ठेवून खोली बंद करू’ म्हणतो. ठेवाव्यात का?

नाही. त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतील तर त्यातून फॉस्फीन वायू निघतो. तो माणसाला मारतो आणि चांदी-तांब्याला काळा पाडतो. जरीत नेमकं तेच असतं. परवानाधारकाने धान्याच्या गोदामात वापरायचं औषध ते, संग्रहालयाच्या पेटीत नाही.

केसाळ कात ही डर्मेस्टिड कुळाची खूण, गोदामातल्या खापरा भुंगेऱ्याचे हे भाऊबंद. कात आखूड, जाडसर आणि आडव्या पट्ट्यांची असेल तर अँथ्रेनस. गाजरासारखी निमुळती आणि मागे केसांचा झुपका असेल तर अ‍ॅटाजेनस. प्रौढ अँथ्रेनस 2-3 मिलिमीटरचा, गोल, पाठीवर पांढऱ्या-पिवळ्या खवल्यांची नक्षी. खवले झडले की नुसता काळा दिसतो, म्हणून जुन्या मेलेल्या किड्यावरून नाव ठरवू नका. या प्रौढांना फुलांचे परागकण लागतात, म्हणून ते उजेडाकडे जातात आणि खिडकीच्या चौकटीत मरून पडतात. तिथे ते दिसले की खिडकी फवारून काही साधत नाही. लोकर, रेशीम, पिसं, कातडं कुठे आहे ते शोधा. स्वच्छ सुती कापड त्यांना चालत नाही, घामाचा डाग असलेलं चालतं. पगडीची आतली पट्टी पहिल्यांदा उलटून बघा.

मग झरोके बघा. पुण्यात पारव्यांचं घरटं नसलेला झरोका विरळाच. घरट्यातली पिसं आणि मेलेली पिल्लं हे या किड्यांचं कायमचं माहेर आहे. ते काढून जाळी बसवली नाही तर पेटी कितीही साफ करा, दिवाळीपर्यंत नवी पिढी हजर. पक्ष्यांचे जुने नमुने हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला. अनेकांवर पूर्वी आर्सेनिक चोळलेलं असे.

प्रश्न : महाविद्यालयाच्या कीटकसंग्रहातच कीड लागली आहे. डांबरगोळ्या असूनही!

टाचणीखाली तपकिरी पूड पडली असेल तर अँथ्रेनसची अळी त्या नमुन्याच्या आत आहे. डांबरगोळ्यांचा वास फट असलेल्या पेटीत टिकत नाही, आणि गोळी थर्माकोलला टेकली तर तो वितळतो. पेटी पिशवीत बंद करून वरच्याच रीतीने फ्रीजरमध्ये ठेवा. नंतर झाकणाची फट बुजवा. खरं दुखणं तिथेच आहे.

प्रश्न : तसबिरीखाली रोज पांढरी पूड पडते. लाकूड किडलंय का?

पूड बोटांत चोळा. मैद्यासारखी मऊ असेल तर लिक्टस, म्हणजे लाकूड पोखरणारा भुंगेरा. बांबूच्या वस्तूखाली तशीच पूड असेल तर डायनोडेरस, म्हणजे बांबू पोखरणारा भुंगेरा. खसखशीसारखे सुटे दाणे असतील आणि भिंगाखाली त्यांना सहा कडा दिसल्या तर तो भुंगेरा नाहीच, कोरड्या लाकडातली वाळवी आहे. सागाच्या गाभ्याला लिक्टस सहसा लागत नाही, पण चौकटीत खोडाच्या बाहेरच्या भागाची फिकट पट्टी आली असेल तर तीच पोखरली जाते.

रोज पडते म्हणता, पण तसबीर हलवली की जुनी पूडही पडते. सगळी साफ करा, खाली काळा कागद ठेवा, त्यावर तारीख लिहा आणि 2 आठवडे हात लावू नका. कागद कोराच राहिला तर भोकं जुनी आहेत, तसबीर आहे तिथेच राहू द्या. पूड पडली तर चित्र आणि काच काढून नुसती चौकट फ्रीजरमध्ये ठेवा. भोकांत रॉकेल ओतू नका. ते चित्रापर्यंत झिरपतं, आणि तो डाग निघत नाही.