ठाण्यातल्या आईवडिलांची कागदपत्रं मला ऑनलाइन सांभाळायची आहेत, त्यांचे पासवर्ड घेऊन ठेवू का?

पासवर्ड घेऊ नका. तुम्ही नेरुळला, ते नौपाड्यात. ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येणार आणि दर वेळी तुम्ही फोन करणार, "बाबा, आलेला नंबर सांगा." फसवणारेही नेमकं हेच बोलतात. वडिलांना ही सवय लागू नये, बाकी सगळं त्यानंतर.

विम्याचे कागद, दवाखान्याचे रिपोर्ट वगैरेंसाठी वडिलांच्याच गूगल ड्राइव्हमध्ये फोल्डर करा आणि तुमच्या ईमेलला 'व्ह्यूअर' म्हणून शेअर करायला लावा. खाली 'रिस्ट्रिक्टेड'च राहू द्या, नाहीतर लिंक ज्याच्या हाती पडेल तो फोल्डर उघडेल. तुम्हाला दिलेली परवानगी ते कधीही काढू शकतात, आणि ती कशी काढायची हे त्यांना आधीच दाखवा.

आधार मात्र मास्क्डच ठेवा, त्यात शेवटचे 4 अंकच दिसतात. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका: नावाची पहिली 4 इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष, एवढाच तो असतो. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याला फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती त्याच्याकडेच राहते. प्रिंट घरी काढा. आधारवर बायोमेट्रिक लॉक (बोटांचे ठसे वगैरेंनी ओळख पटवणं बंद ठेवणारी सोय) जरूर लावा, पण वडील पेन्शनर असतील तर नोव्हेंबरात जीवन प्रमाणसाठी, म्हणजे हयातीच्या डिजिटल दाखल्यासाठी, बोट लावण्याआधी ते उघडावं लागेल. नाहीतर बोट जुळत नाही म्हणून मशीनला दोष देत बसाल.

आणीबाणीत पासवर्डही लागतीलच. त्यासाठी बिटवॉर्डन या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपची 'इमर्जन्सी ॲक्सेस' सोय मला योग्य वाटते. वडिलांचा प्लॅन पैसे भरलेला हवा, तुमचा फुकटचा चालतो. ते निमंत्रण देतात, तुम्ही स्वीकारता, मग त्यांनी पुन्हा 'कन्फर्म' करायचं असतं. ही तिसरी पायरी बहुतेक ठिकाणी राहून जाते आणि गरजेच्या वेळी काहीच उघडत नाही. 'टेकओव्हर' (खात्याचा ताबा घेणं) नको, 'व्ह्यू' (फक्त बघणं) निवडा. मुदत 2 दिवसांची ठेवा. तुम्ही मागणी केल्यावर तेवढ्यात त्यांनी नकार दिला नाही, तर पासवर्ड तुम्हाला आपोआप दिसतात. गूगलचा 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' इथे कामाचा नाही, खातं वापरात नसेल तर तो लवकरात लवकर 3 महिन्यांनी जागा होतो.

ओटीपी वडिलांच्या सिमवरच येतात, म्हणून ते त्यांच्याच नावावर आहे ना, तेवढं बघा, आणि रिचार्ज चुकू देऊ नका.