दोन ताऱ्यांचं पोरगं

दर महिन्याला या पानावर लीग, तालमी, रेफ्री आणि गुडघेदुखी हेच प्रश्न असतात. यावेळी मात्र चार पत्रं अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलवर आलीत. आता कोल्हापुरात हे कुठनं आलं म्हणाल तर पहिलं पत्र वाचा, बाकीची तीन त्याच्याच मागनं आलीत कारण आमच्या कट्ट्यावर मी हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं ही माझीच चूक.

प्रश्न : माझी थोरली बहीण वीस वर्षं झाली टेक्सासमध्ये आहे. तिचा मुलगा तिकडं शाळेच्या टीममध्ये फुटबॉल खेळतो, म्हणजे आपलं नव्हे, ते हेल्मेटवालं. डिसेंबरात त्यानं एका कॉलेजसाठी सही केली, आम्ही इकडं पेढे वाटले आणि ताई फोनवर रडायला लागली. त्याला दोनच स्टार आहेत म्हणे, आणि कॉलेजनं यादी काढली त्यात नाव सगळ्यात खाली. दोन स्टार म्हणजे पोरगं काठावर पास झालं असं समजायचं का? ताईला काय सांगू? (एक मावशी, राजारामपुरी)

उत्तर : मावशी, पेढे वाटलेत ते बरोबरच केलंत, आधी ते डोक्यातनं काढा.

आता स्टारचं सांगतो. आपल्याकडं सीझनच्या आधी केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, तालमींच्या फुटबॉल टीमच्या खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की पेठापेठांत कशी चर्चा असते, कोण पाटाकडीलला गेला, कोण खंडोबाला, दिलबहारनं कुणाला उचललं, तसंच तिकडं शाळेतनं कॉलेजात जाणाऱ्या पोरांचं असतं, फक्त ते सगळ्या देशभर आणि टीव्हीवर चालतं. डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी सह्या सुरू होतात, राहिलेल्यांच्या फेब्रुवारीत. पूर्वी फेब्रुवारीचाच दिवस मोठा असायचा, डिसेंबरचा मुहूर्त २०१७ पासून आला. एका कॉलेजनं एका वर्षी घेतलेली जी वीस-पंचवीस पोरं, त्यांना मिळून त्या वर्षाचा क्लास म्हणतात.

आणि हे स्टार कॉलेज देत नाही, हे नीट लक्षात घ्या. २४७स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन असल्या बाहेरच्या कंपन्या देतात. त्यांची माणसं व्हिडिओ बघतात, उन्हाळ्यात कॅम्प असतात तिथं पोरांची उंची, वजन, धावण्याचा वेळ घेतात आणि मग दोन ते पाच स्टार चिकटवतात. पाच स्टारवाली पोरं देशभरात मिळून वर्षाला साधारण तीसेक, चार स्टारवाली तीन-चारशे. शाळेत हा खेळ खेळणारी पोरं किती, तर दहा लाखांच्या घरात! म्हणजे बहुतेकांना एक पण स्टार मिळत नाही, कुणी बघतच नाही त्यांना. भाच्याला दोन मिळाले याचा अर्थ निदान कुणीतरी बसून त्याची मॅच बघितली, आणि सही झाली याचा अर्थ एका कोचनं स्वतःच्या क्लासमधली एक जागा त्याच्यावर खर्च केली. मला विचाराल तर दुसरी गोष्ट पहिल्यापेक्षा लई मोठी, कारण स्टार देणाऱ्याचं काही जात नाही पण कोचची नोकरी जाते.

ताईंना एक नाव सांगा, कॅम वॉर्ड. टेक्सासचाच, वेस्ट कोलंबिया नावाच्या छोट्या गावचा. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य गडी. पण त्याच्या शाळेची खेळायची पद्धतच अशी की बॉल हातात घेऊन पळायचं, फेकायचं जवळपास नाहीच. आता बॉल फेकणाऱ्याचा फेकतानाचा व्हिडिओच नाही तर त्याला स्टार कोण देणार? दोन कसले, एक सुद्धा मिळाला नाही. स्कॉलरशिप देणारं कॉलेज एकच निघालं, सॅन अँटोनिओचं इन्कार्नेट वर्ड, ते पण वरच्या गटातलं नव्हे. तिथनं तो वॉशिंग्टन स्टेटला गेला, तिथनं मायामीला, आणि २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगच्या टीम कॉलेजातली पोरं पाळीपाळीनं निवडतात तिथं, अख्ख्या देशात पहिला उचलला गेला.

भाच्याचं असंच होईल असं मी म्हणत नाही, पुढच्या उत्तरात उलटं पण लिहिलंय ते ताईंना वाचून दाखवू नका. ताईंनी एवढंच विचारावं की भाच्याच्या जागेवर त्या कॉलेजात अजून किती पोरं आहेत, त्यातली कितीजण यंदा पास होऊन बाहेर पडतायत, आणि ज्या कोचनं त्याला निवडला तो पुढच्या वर्षी तिथंच आहे का. यादीत नाव वर आहे का खाली यापेक्षा हे कामाचं.

प्रश्न : सर, मी १७ वर्षांचा आहे, तीन वर्षं झाली तालमीच्या सीनियर टीमच्या ट्रायलला जातोय पण नाव लागत नाही. रीलवर बघतो की अमेरिकेत ज्यांना कुणी घेतलं नाही ते पुढं स्टार झाले. हे खरं असतं का नुसतं व्ह्यूजसाठी? (शिवाजी पेठ)

उत्तर : भावा, खरं असतं पण अर्धं असतं.

आधी कडू सांगतो. स्टार देणारे बऱ्यापैकी बरोबर असतात. पाच स्टारवाल्यांतली निम्म्याच्या आसपास पोरं पुढं एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये जातात, दोन स्टारवाल्यांतनं जाणारी अगदी किरकोळ. मग रीलवर एवढी उदाहरणं कुठनं येतात? तर दोन-तीन स्टारवाली पोरंच हजारोंनी असतात, त्यामुळं त्यातली थोडीशी जरी पुढं गेली तरी आकडा मोठा दिसतो. राहिलेल्यांवर रील कोण करणार?

पण जी पुढं गेली ती का राहून गेली होती हे बघण्यासारखं आहे, कारण नशीब म्हणून सोडून द्यावं असं त्यात फार कमी असतं, बहुतेक वेळा साधं कारण सापडतं. क्वार्टरबॅक जोश ॲलन घे. कॅलिफोर्नियातलं फायरबॉ, कापूस आणि खरबुजाचं गाव, घरची शेती. शाळा संपताना अंगानं बारीक, आडवळणी गावात कोण स्काउट येणार? वरच्या गटातल्या एकाही कॉलेजनं विचारलं नाही. गडी जवळच्या रीडली नावाच्या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला, तिथं अंग भरलं, आणि मग बसून देशभरातल्या कोचना ईमेल पाठवले, माझा व्हिडिओ बघा म्हणून. उत्तरं दोनच ठिकाणची कामाची आली, त्यातल्या वायोमिंगला गेला. २०१८ ला ड्राफ्टमध्ये सातवा, आणि २०२४ च्या सीझनचा एनएफएलचा एमव्हीपी, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू. म्हणजे त्याच्या बाबतीत कारण दोन, गाव आणि उशिरा वाढलेलं अंग.

जे. जे. वॉटचं कारण वेगळं, त्याची जागाच चुकलेली. दोन स्टारचा टाइट एंड, म्हणजे बॉल झेलणारा आणि समोरच्याला अडवणारा गडी, म्हणून सेंट्रल मिशिगनला गेला, एक वर्षानं सोडलं, घरी येऊन पिझ्झाची डिलिव्हरी केली, मग विस्कॉन्सिनच्या टीममध्ये स्कॉलरशिपशिवाय घुसला. तिथं त्याला डिफेन्समध्ये टाकला आणि काम झालं. २०११ च्या ड्राफ्टमध्ये अकरावा, आणि पुढं तीनदा वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू.

आता आपल्याकडचं सांगतो. मी एका तालमीच्या ट्रायलला दोन वर्षं निवडीला बसायचो, तालमीचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर मला मिसळ मिळायची बंद होईल. सकाळी सातला ट्रायल सुरू आणि कागलच्या पलीकडच्या एका गावातनं एक पोरगं यायचं, त्याची एसटी पोचायची पावणेआठला. पिशवीत बूट, एका बुटाचा सोल निघालेला तो काळ्या वायरच्या टेपनं गुंडाळलेला. येईपर्यंत टीम पाडून झालेल्या असायच्या, मग त्याला शेवटची दहा मिनिटं कुठंतरी बॅकला उभा करायचो, जिथं बॉलच येत नाही. दोन्ही वर्षी कागदावर मी स्वतः ‘शिस्त नाही, उशिरा येतो’ असं लिहिलंय. तिसऱ्या वर्षी तो आला नाही. नंतर एका गावच्या स्पर्धेत त्याला मिडफिल्डला खेळताना बघितला आणि घरी येऊन जेवण गेलं नाही मला. त्या पोराची एसटी कितीला येते हे विचारायला मला अर्धा मिनिट लागला असता.

म्हणून तुला विचारतो, तुझं नाव का लागत नाही हे तुला माहितीये का? अंग कमी पडतंय, जागा चुकीची आहे, का खेळच कमी पडतोय? पहिल्या दोन्हीला उपाय आहे. निवडणाऱ्याला जाऊन सरळ विचार, चिडला तर चिडू दे. आणि एका तालमीत तीन वर्षं झाली नाही तर दुसऱ्या तालमीत जा की, पेठ काय वाळीत टाकत नाही, टाकली तर दोन महिने टाकेल. खेळच कमी पडत असेल तर ते पण कळू दे, सतरा वर्षं म्हणजे काय उशीर नाही.

प्रश्न : वॉट ‘वॉक-ऑन’ होता असं तुम्ही कट्ट्यावर म्हणालात. हे वॉक-ऑन म्हणजे काय आणि अजून चालतं का? (मंगळवार पेठ)

उत्तर : स्कॉलरशिप नाही, फी स्वतः भरायची, टीमबरोबर प्रॅक्टिस करायची आणि वाट बघायची. बेकर मेफील्ड दोन कॉलेजांत असाच शिरला आणि २०१७ ला हाइझमन ट्रॉफी घेऊन बाहेर पडला, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मानाचा करंडक. क्लेमसनचा हंटर रेनफ्रो पण वॉक-ऑनच, जानेवारी २०१७ च्या फायनलला अलाबामाविरुद्ध एक सेकंद राहिलेला असताना बॉल झेलून मॅच काढली पोरानं.

चालतं अजून, पण दार लहान झालंय. आधी ८५ स्कॉलरशिप आणि वर कितीही वॉक-ऑन अशी सोय होती, सव्वाशे पोरं सहज असायची. कोर्टातल्या मोठ्या तडजोडीनंतर २०२५ पासून स्कॉलरशिपची मर्यादा गेली पण टीमच १०५ जणांची केली. त्यात ट्रान्स्फर पोर्टल आलंय, २०१८ पासून, कॉलेज बदलायचं असलेल्या खेळाडूंची यादीच ती, म्हणजे दुसऱ्या कॉलेजात दोन-तीन वर्षं खेळून तयार झालेला गडी आयता मिळतो. मग शाळेतनं आलेलं कच्चं पोरगं तीन वर्षं सांभाळत कोण बसणार? पहिल्या पत्रातल्या ताईंच्या मुलासारखी पोरं खरी यात मार खातात. उलटं पण आहे म्हणा, लहान कॉलेजात चांगलं खेळलं तर त्याच पोर्टलनं वर जाता येतं, कॅम वॉर्ड तसाच गेला.

प्रश्न : आमचा मुलगा शाहू स्टेडियमवर अर्ध्या मैदानातनं गोलवर बॉल मारतो. अमेरिकेत नुसते किक मारायला वेगळे खेळाडू असतात म्हणे. आपली पोरं तिथं का जाऊ नयेत? (एक पालक, फुलेवाडी)

उत्तर : हा प्रश्न वाचून कट्ट्यावर सगळे हसले, मी नाही हसलो.

तिकडं किकर (जमिनीवर धरलेला बॉल गोलवर मारणारा) आणि पंटर (हातातनं सोडून बॉल लांब मारणारा) अशा दोन जागा असतात आणि स्टारच्या बाबतीत या जागांना कुणी विचारत नाही, देशातल्या एक नंबरच्या किकरला पण दोन-तीन स्टारवर भागवावं लागतं. आणि आपल्यासारखी तिरकी पळत येऊन पायाच्या वरच्या भागानं किक मारायची पद्धत तिथं आणली हंगेरीत जन्मलेल्या पीट गोगोलाकनं, १९६४ ला तो बफेलोकडनं व्यावसायिक खेळायला लागला. त्याच्या आधी सगळे सरळ बुटाच्या टोकानं मारायचे. आता सगळे आपल्या पद्धतीनं मारतात.

पंटरचं तर अजून भारी. ऑस्ट्रेलियातली पोरं, ज्यांनी शाळेत हा खेळ खेळलेला पण नाही, ती तिकडच्या त्यांच्या फुटीमुळं, म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलमुळं, लांब आणि उंच बॉल मारायला शिकलेली असतात. कॉलेजातल्या सर्वोत्तम पंटरचा रे गाय अवॉर्ड २०१४ आणि २०१५ ला टॉम हॅकेट, २०१६ ला मिच विश्नोव्स्की, २०१७ ला मायकेल डिक्सन, चारही वर्षं ऑस्ट्रेलियन. यातलं कुणी पाच स्टारच्या यादीत नव्हतं.

तेव्हा अशक्य म्हणणार नाही. पण मुलाच्या अंगात काय लागेल ते बघा. किकरला जमिनीवरनं किक मारायची असते, समोरनं अकराजण अंगावर धावत येतायत, आणि बॉल मागं आल्यापासून पाय लागेपर्यंत वेळ मिळतो साधारण १.३ सेकंद. अर्ध्या मैदानातनं आरामात टिपून मारणं वेगळं. शिवाय एनसीएए, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांचा कारभार बघणारी संस्था, तिच्या पात्रता केंद्राला नववीपासूनचे मार्क लागतात, तेव्हा पोरगं शाळा बुडवून मैदानावर पडून असेल तर ते आधी थांबवा. बॉल ऑनलाइन मिळतो. घेतलात तर पहिले चार दिवस त्याला टप्पा पडू न देता मारू दे, कारण तो लांबुळका बॉल टप्पा पडल्यावर कुठं जाईल काय सांगता येत नाही, आमच्या इथं एकदा आणला होता तो दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गच्चीवर गेला आणि तिथल्या काकूंनी अजून दिलेला नाही.